घुसखोर झाडांची विक्री: आंब्याच्या कलमाला परवाना, मग शोभेच्या रोपाला का नाही?

आगरवाट (धागाकर्ती)

आमचं आगर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नारळ, पोफळी, मधे केळी आणि जायफळ, पोफळींवर मिरवेली. वरच्या अंगाने एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, येतो. तो आमच्या बांधाला लागून खालच्या तीन-चार आगरांतून पुढे खाडीला मिळतो. २०१५ साली पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा मागची उतरण मोकळी पडली. पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून काहीतरी लावायचं ठरलं. एका रोपवाटिकेत विचारलं. "पाणी घालायला नको, गुरं तोंड लावत नाहीत, बारा महिने पिवळी फुलं," असं सांगून त्यांनी चाळीस पिशव्या गाडीत भरून दिल्या. नाव सांगितलं वेडेलिया.

सांगितलेलं सगळं खरं निघालं. पहिल्या दोन वर्षांत उतरण गालिच्यासारखी भरली, पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढायचे. चौथ्या पावसाळ्यात उतरणीचा एक तुकडा धसून पऱ्यात आला. वेल मातीबरोबर खाली गेली आणि जिथे जिथे अडली तिथे रुजली. आज पऱ्याच्या दोन्ही काठांना तीच आहे. पूर्वी तिथे रानअळू, दिंडा, पेवा असायचा. आषाढात आई तिथूनच दिंड्याचे कोंब आणायची. आता पिवळ्या फुलांखाली दुसरं काही दिसत नाही.

खालच्या आगरातले काका पंचाहत्तरीचे आहेत. त्यांच्या शिंपण्याच्या पाटात ही वेल शिरली आहे, दर पंधरवड्याला पाट मोकळा करावा लागतो आणि माणूस मिळत नाही. काकांनी मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. त्याचंच मला जास्त लागतं.

मागच्या आठवड्यात पोफळीची रोपं आणायला दुसऱ्याच एका रोपवाटिकेत गेले होते. तिथे वेडेलियाच्या पिशव्यांची मोठी रांग, पावसाळ्याच्या तोंडावर नुकतीच उतरलेली. शेजारी प्लॅस्टिकच्या टपात जांभळ्या फुलांची जलपर्णी, 'वॉटर लिली' म्हणून. आणि मागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला फळरोपवाटिकेचा परवाना.

तो परवाना बघून डोक्यात विचार सुरू झाला. महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिका आणि फळझाडांच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा आहे. हापूसचं कलम विकायचं तर परवाना लागतो, खुंट कुठला, काडी कुठली याची नोंद ठेवावी लागते. कलम खोटं निघालं तर नुकसान एका बागायतदाराचं. वेडेलिया विकली तर नुकसान पऱ्या जाईल तिथपर्यंतच्या सगळ्यांचं, आणि ती विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. मलाही कुणी सांगितलं नाही. दुकानातच कुणी सांगितलं असतं, तर मी दुसरं काही लावलं असतं.

मला या धाग्यावर मनापासून जाणून घ्यायचं आहे: अशा झाडांच्या विक्रीवर नियम आणता येईल का, कोणत्या कायद्याने, आणि रोपवाटिकावाल्यांच्या पोटावर पाय न आणता कसा? रोपवाटिका चालवणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

चाकरमानी_परळ

ताई, तुमचा त्रास समजला. एक शंका. परदेशी झाडांवर बंदी म्हटलं तर कोकणात उरेल काय? काजू पोर्तुगीजांनी आणला. अननस, पपई, पेरू, मिरची, सगळं अमेरिकेतून आलं. गावच्या घरासमोरचा गुलमोहर मादागास्करचा. उद्या यादी करणाऱ्याने काजूवर बोट ठेवलं तर?

---

कातळफूल

चाकरमानी, परकं झाड आणि घुसखोर झाड यांत फरक करायला हवा. काजू परका आहे, पण चारशे वर्षं इथे राहूनही आपण लावतो तिथे आणि आसपासच वाढतो. घुसखोर म्हणजे जे माणसाच्या हाताशिवाय पसरतं आणि पसरताना दुसऱ्यांची जागा खातं. ते कुठून आलं यापेक्षा आल्यावर काय करतं, हे बघायचं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. वेडेलियाचं आजचं शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर प्रजातींची जी यादी केली आहे तिच्यात ती आहे. आपल्या ओळखीची आणखीही मंडळी त्याच यादीत आहेत: घाणेरी, रानमोडी, जलपर्णी, सुबाभूळ.

वेडेलियाचं बी फारसं धरत नाही. तिची ताकद पेरात आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे बोटाएवढा तुकडासुद्धा पुरतो. गवत कापायचं यंत्र फिरवलं की एका वेलीचे शंभर तुकडे होतात. जेसीबीच्या बादलीला चिकटून ती एका गावातून दुसऱ्या गावात जाते. बागेचा कचरा पऱ्यात टाकला की पुढचं काम पाणी करतं. ताईंच्या उतरणीवर हेच झालं.

यादी करताना एक धोका मात्र आहे. आपल्याकडे मूळचा पिवळा माका आहे, स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया. त्याचीही फुलं पिवळी, तोही ओलसर जागी पसरतो, आणि तो औषधी आहे. परक्या वेलीच्या पानाला बहुधा दोन बाजूंना दोन खांडं असतात, पान त्रिशूळासारखं दिसतं. माक्याचं पान साधं, लांबट. यादीत नुसतं 'पिवळी वेल' किंवा 'वेडेलिया' लिहिलं तर उपटणारे आधी माका उपटतील, कारण त्याचंही जुनं नाव वेडेलियाच. त्यामुळे शास्त्रीय नाव आणि पानाचं चित्र, दोन्ही हवं.

---

व्हाळकाठ

तुम्ही सांगतास तां अगदी खरां. आमच्या वेंगुर्ल्याकडे व्हाळाच्या दोनय काठांक तीच पिवळी फुलां. रिसॉर्टवाल्यांनी लायली आनि गावान भोगली. ढोरां तोंड लावनत नाय. एकान तर हीच वेल भृंगराज म्हणान आमका विकूक बघितल्यान.

---

कलमवाला

महामार्गालगत माझी रोपवाटिका आहे, वडिलांपासूनची. ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो. वेडेलिया मी विकतो. सात-आठ वर्षं विकतोय.

आमचं काम कसं चालतं ते आधी ऐका. आंबा, काजू, कोकम, जायफळ यांची कलमं आम्ही स्वतः बांधतो. त्यांची वंशावळ मी तुम्हाला तोंडपाठ सांगेन. शोभेची रोपं आम्ही करत नाही. ती आंध्रातल्या कडियमहून किंवा उरुळी कांचनकडून ट्रकने येतात. ट्रकबरोबर जी यादी येते तिच्यावर व्यापारी नावं असतात: येलो डेझी, वॉटर लिली, फाउंटन ग्रास. झाड मूळ कुठलं, पसरतं का, यातलं काही त्या कागदावर नसतं. मला ठाऊक नसेल तर मी गिऱ्हाइकाला काय सांगणार?

आणि गिऱ्हाईक काय मागतं? मुंबई-पुण्याहून येऊन जागा घेतलेला माणूस म्हणतो, मी महिन्यातून एकदा येतो, मला पाणी न घालता जगणारं, गुरांनी न खाल्लेलं, लवकर भरणारं काहीतरी द्या. अशा मागणीला उत्तर म्हणून जे झाड सापडतं ते बहुतेक वेळा घुसखोरच असणार, हे आज कातळफूल सरांचं वाचून पहिल्यांदा कळलं. आमचा धंदा जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत होतो. माल मे महिन्यात भरलेला असतो. जूनच्या दहा तारखेला बंदी आली तर नुकसान माझं एकट्याचं, कडियमवाला परत घेणार नाही.

नियम नको असं माझं म्हणणं नाही. आम्हाला विचारून करा, एक पूर्ण हंगाम वेळ द्या आणि सगळ्यांना सारखा लावा. मी बंद केलं आणि हातगाडीवर, फोनवर, ऑनलाइन तेच मिळत राहिलं तर काय उपयोग?

---

दस्तऐवज

कायद्याचं मी सांगतो, रोजचं काम तेच आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-अ आलं, अंमल १ एप्रिल २०२३ पासून. त्यानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून घुसखोर परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं किंवा वाढ यांचं नियमन करू शकतं किंवा त्यावर बंदी घालू शकतं. 'व्यापार' हा शब्द कलमातच आहे. म्हणजे दुकानातल्या विक्रीपर्यंत हात पोचतो.

तीन गोष्टी मात्र नीट वाचा. एक, कलम आपोआप काहीच बंद करत नाही, अधिसूचनेत त्या झाडाचं नाव यावं लागतं. दोन, व्याख्या 'भारतातली मूळ नसलेली' अशी आहे. हिमालयातलं झाड कोकणात येऊन माजलं तर ते या व्याख्येत बसत नाही. तीन, धोका 'वन्यजीव किंवा त्यांच्या अधिवासाला' असायला हवा. काकांचा पाट तुंबला हा मुद्दा या कलमाखाली दुबळा आहे. पऱ्याकाठची मूळ वनस्पती आणि त्यावर जगणारे जीव गेले, हा मुद्दा भक्कम आहे. अर्ज लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

बंदराची तपासणी वेगळी. १९१४ चा किडी व रोगांविरुद्धचा कायदा आणि त्याखालचा २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश बाहेरून येणाऱ्या मालाला लागतो. वेडेलिया कधीच आत आलेली आहे. ती कडियमहून कोकणात येते तेव्हा वाटेत कुणी अडवत नाही.

राज्यापुरतं बघायचं तर १९६९ च्या कायद्याला समांतर, शोभेच्या रोपवाटिकांसाठी साधी नोंदणी आणि बंदी-यादी आणता येईल. ताईंनी तो परवाना बघितला हे बरं झालं, कारण चौकट तयार आहे, ती फळझाडांपाशी थांबली आहे एवढंच.

---

हिरवळ

मी बागा करून देण्याचं काम करतो. अलिबाग ते मुरुड पट्ट्यात बरीच कामं केली आहेत. वेडेलिया मीही लावली आहे, हे सांगायला हवं. दर चौरस फुटाला एवढं स्वस्त दुसरं काही मिळत नाही.

एक प्रश्न. घाणेरीचे आता बी न धरणारे प्रकार येतात, बुटके, रंगीत. मी तेच वापरतो. तेही यादीत घालणार का? बंदी सरसकट असू नये असं मला वाटतं.

---

कातळफूल

हिरवळ, प्रश्न योग्य आहे. बी न धरणारा म्हणून विकलेला प्रत्येक प्रकार खरंच तसा असतो असं नाही. त्याच्यावर फळ आलं नाही तरी त्याचा पराग रानातल्या घाणेरीवर जाऊ शकतो. आणि वेडेलियाच्या बाबतीत तर बियांचा प्रश्नच नाही, बी न धरताच तिने पऱ्या खाल्ला.

अमेरिकेतलं एक उदाहरण आपल्या कलमवाल्यांना लगेच कळेल. तिथे ब्रॅडफर्ड नावाचं शोभेच्या नासपतीचं कलम १९६० च्या दशकात बाजारात आलं. पांढऱ्या फुलांनी लगडलेलं, आणि निर्धोक, कारण त्याचा पराग त्याच्याच फुलावर फळ धरत नाही. सगळीकडे एकच कलम, म्हणून फळ नाही. मग रोपवाटिकांनी त्याच जातीची दुसरी कलमं आणली. दोन वेगळी कलमं शेजारच्या अंगणांत आल्यावर फळ धरायला लागलं, पक्ष्यांनी बी नेलं, आणि आज ते काटेरी रान होऊन पडीक जमिनी व्यापून बसलं आहे. ओहायो राज्याने २०१८ च्या सुरुवातीला विक्रीबंदीची यादी लागू केली, तेव्हा या नासपतीसाठी रोपवाटिकांना पाच वर्षांची मुदत दिली. बंदी लागू झाली जानेवारी २०२३ मध्ये. झाड तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून मुदत मोठी. वेडेलियाची पिशवी दीड-दोन महिन्यांत तयार होते, तिला पाच वर्षं द्यायची गरज नाही. कलमवाला म्हणतात तो एक हंगाम मला रास्त वाटतो.

---

सड्यावरचा

सगळं पटलं, पण नेम फक्त रोपवाटिकेवर का? आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ऑस्ट्रेलियन अकेशिया कुणी विकत आणून लावला नाही. तो सरकारी लागवडीतून आला. पावसाळ्यात ज्या कातळावर सीतेची आसवं, गेंद, दीपकाडी फुलायची, तिथे आता अकेशियाच्या वाळक्या पानांचा थर असतो. त्या थराखाली काही उगवत नाही. 'सडा म्हणजे पडीक' असं समजून झाडं लावली गेली. सडा पडीक नाही, पावसाचे चार महिने तिथे जे असतं ते जगात फार थोड्या ठिकाणी आहे. दीपकाडीचं तर शास्त्रीय नावच कोकणावरून आहे, दिपकाडी कोंकनेन्से.

रानमोडीचं तसंच. तीही कुणी विकत नाही. डिसेंबर-जानेवारीत फुलते, बी वाऱ्यावर जातं, मार्च-एप्रिलमध्ये वाळून काडी होते. वणवा लागला की आधी ती पेटते, आणि पाऊस पडल्यावर आधी तीच फुटते. विक्रीबंदीने रानमोडी जाणार आहे का?

---

आगरवाट

सड्यावरचा, नाही जाणार. रानमोडी आणि घाणेरी हातातून सुटलेली आहेत, त्यांचं काम वेगळं आणि पिढ्यांचं. मी विक्रीवर बोट ठेवते आहे कारण जी अजून सुटायची आहेत ती आज पिशवीत आहेत. पिशवीत असताना ती थांबवायला कागद पुरतो. पऱ्यात गेल्यावर काय लागतं ते मी रोज बघते आहे. आणि घाणेरीसुद्धा कधीतरी कुणीतरी बागेसाठीच आणली होती ना? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली होती.

सरकारी लागवडीचा तुमचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. यादी झाली तर ती सरकारी रोपवाटिकांना पहिली लागू व्हावी.

---

पाणभरडा

जलपर्णीबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं मूळ गाव राजापूरकडे, पण वडिलांच्या नोकरीमुळे बालपण कोलकात्यात गेलं. तिथे जुनी माणसं सांगायची, ही फुलं सुंदर म्हणून बागांसाठी आणली गेली आणि बंगालच्या नद्या, भातखाचरं, होड्यांच्या वाटा तिने बंद केल्या. १९३६ मध्ये बंगालात फक्त जलपर्णीसाठी कायदा झाला. घराभोवती ती ठेवायची नाही आणि आपल्या हद्दीतली काढायची. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत 'बंगाल जलपर्णीमुक्त करू' असं वचन होतं. इतका मोठा प्रश्न झाल्यावर कायदा आला. आणि आपल्याकडे आजही टपात घालून विकतात, हे वाचून मला वाईट वाटलं.

तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणजे टपातली फेकून दिली की संपली असं नाही. आपल्याकडे वायंगणी शेतीचे मळे, तळी, देवळाच्या पोखरणी आहेत, त्यात एक रोप गेलं तरी पुरे.

मत्स्यालयाच्या दुकानांकडेही बघा. केरळात कोझिकोड जिल्ह्यात आवळा पांडी इथे २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरलेला पाट बघायला लोकांची झुंबड उडाली होती. ती कबोंबा होती, मत्स्यालयात घालायची पाणवनस्पती. लोक तिचे तुकडे घरी घेऊन गेले.

इंग्लंडने एप्रिल २०१४ पासून पाच पाणवनस्पतींची विक्रीच बंद केली, बाकी काही न करता. पाच नावं, सगळ्या दुकानांना सारखी. आपण कोकणात सुरुवात करायची तर पाण्यातल्या झाडांपासूनच करावी असं मला वाटतं. ती सर्वांत लवकर पसरतात आणि त्यांच्या विक्रीवर कुणाचं पोट अवलंबून नाही.

---

कलमवाला

पाणभरडा ताई, पटलं. माझ्याकडे जलपर्णीचे दोन टप आहेत. आज संध्याकाळी दोन्ही उलटे करून वरच्या कातळावर वाळत टाकले. त्यात मला शंभर-दोनशे रुपयेच मिळायचे.

वेडेलियाचं मात्र मला पर्याय सांगा. गिऱ्हाईक समोर उभं असताना "हे घेऊ नका" म्हणायचं तर "मग हे घ्या" म्हणायला हातात काहीतरी हवं.

---

हिरवळ

कलमवाला शेठ, माझा अनुभव देतो. समुद्राला लागून वाळू असेल तर मर्यादवेल. ती आपली किनाऱ्यावरचीच, वाळू धरून ठेवते, जांभळी फुलं येतात, खारा वारा तिला चालतो. किनाऱ्यावर वेडेलिया लावणं मी आता थांबवतोय. सावलीत ओलसर जागी पिवळा माका किंवा ब्राह्मी. उतरणीसाठी वाळा लावून बघा, मुळं खोल जातात आणि तो पसरत सुटत नाही. कुंपणाला निरगुडी, कोरांटी. वेल हवी असेल तर मोरवेल.

अडचण एकच, ही रोपं घाऊक मिळत नाहीत. तुमच्यासारख्याने मर्यादवेलीची हजार रोपं केली तर पहिली दोनशे मी घेतो. उधारीवर नाही, रोख.

---

दस्तऐवज

न्यूझीलंडमध्ये २००१ पासून रोपवाटिकांची संघटना, प्रादेशिक परिषदा आणि सरकार यांनी मिळून एक करार केलेला आहे. यादीतली झाडं विकायची नाहीत, वाढवायची नाहीत. यादी ठरवताना रोपवाटिकावाले टेबलाशी असतात. कलमवाला जे मागत आहेत ते हेच.

गिरिपुष्पासारख्या झाडांचं काय, हा प्रश्न येणारच. शेतकरी त्याचा पाला भातखाचरात घालतात. दक्षिण आफ्रिकेच्या घुसखोर प्रजातींच्या नियमांत वर्ग पाडले आहेत. काही झाडं काढायलाच लागतात, काही परवानगीने ठेवता येतात, काही आहेत तिथे राहू शकतात पण विकायची आणि नव्याने लावायची नाहीत. हा शेवटचा वर्ग आपल्या कामाचा आहे. "माझ्या बांधावरचं झाड तोडायला सरकार येणार" अशी भीती उठली की चांगला नियमसुद्धा गावात मरतो.

ग्रामपंचायत विक्रीबंदी करू शकते असा समज कुणी करून घेऊ नये. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. पऱ्यात आधी काय होतं आणि आता काय आहे, ते त्या वहीत लिहून घ्या, फोटो आणि तारखेसह. वरच्या अर्जाला तो पुरावा लागेल. शिवाय पंचायतीच्या पैशाने शाळेत, रस्त्याकडेला काय लावायचं हे ग्रामसभा ठरवू शकते.

---

चाकरमानी_परळ

काजूची शंका मी मागे घेतो. गावच्या घराच्या पाखाडीला (दगडी पायवाटेला) दोन्ही बाजूंनी वेडेलिया आहे, मीच गेल्या गणपतीत लावली. काढायची कशी? फवारणी करू का?

---

पाखाडी

फवारणी करू नका. पाखाडीखाली विहीर असेल, पाणी कुठे जातं ते तुम्हाला दिसणार नाही. आम्ही तीन वर्षं हातानेच काढतोय, जे शिकलो ते सांगतो.

पाऊस पडायच्या आधी काढा. आत्ता जमीन कोरडी आहे, तुटलेला तुकडा रुजत नाही. पावसात उपटलीत तर एकाची दहा कराल. कोयतीने छाटू नका, कुदळीने मुळासकट उचला. वेल गोणीत भरून कातळावर किंवा पत्र्यावर पसरा, किमान तीन आठवडे, कडक वाळेपर्यंत. ओली वेल खतखड्ड्यात किंवा गडग्यापलीकडे टाकू नका. मोठा पट्टा असेल तर जुनी ताडपत्री टाकून, कडा दगडांनी दाबून पूर्ण हंगाम झाका. मग जुलैत, गणपतीच्या आधी आणि दिवाळीनंतर एकेक फेरी. दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी इकडेतिकडे एखादी. मोकळी झालेली जागा रिकामी ठेवू नका, लगेच दुसरं काहीतरी लावा, नाहीतर रानमोडी येऊन बसते.

आणि सुरुवात पऱ्याच्या वरच्या टोकाकडून करा. खालून केलीत तर वरून पुन्हा येते.

---

आगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून ग्रामसभेसाठी ठराव लिहिला, दस्तऐवज यांनी फोनवर दुरुस्त करून दिला. त्यात चार मागण्या आहेत. पंचायतीच्या आणि शाळेच्या आवारात घुसखोर झाडं लावायची नाहीत. पऱ्याची नोंद जैवविविधता वहीत घ्यायची. पाण्यातल्या घुसखोर वनस्पतींची विक्री लगेच आणि वेडेलियाची एका हंगामाच्या मुदतीने थांबावी, अशी विनंती राज्याला आणि केंद्राला करायची, कलम ६२-अ चा उल्लेख करून. आणि यादी ठरवताना रोपवाटिकावाले आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ दोघांनाही बोलवावं. मूळ प्रत कुणाला आपल्या गावासाठी हवी असेल तर कळवा, नाव बदलून वापरा.

कलमवाला यांच्याकडे काल जाऊन आले. त्यांच्याकडे वेडेलियाच्या तीनशेच्या आसपास पिशव्या आहेत. रांग पुढून उचलून मागे ठेवली आहे आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलंय, 'पऱ्या, व्हाळ, तळं जवळ असेल तर घेऊ नये'. मी म्हटलं, पूर्ण बंद करा. ते म्हणाले, पुढच्या हंगामाला मागवणार नाही, पण हा माल पडून राहिला तर जूनचा पगार कशातून देऊ. आमचं तिथे एकमत झालं नाही. मर्यादवेलीच्या फांद्या मात्र त्यांनी हर्णैहून आणून लावायला घेतल्या आहेत.

घरी आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कायदा येईल तेव्हा येईल, पाऊस पंधरा दिवसांवर आहे.

तर शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या पऱ्याच्या वरच्या टोकाला जमतोय, जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना बंधारा आहे तिथे. आत्तापर्यंत नऊ जण येतो म्हणाले आहेत. कुदळ, हातमोजे, गमबूट आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणी घेऊन या, गोणी जितक्या जास्त तितकं बरं. काठाला पिवळा माका थोडा उरला आहे, तो कातळफूल सर आधी काठ्या रोवून दाखवतील, त्या काठ्यांच्या आत कुदळ घालू नका. नाश्ता आमच्याकडे, घावन आणि नारळाची चटणी.